संगणकीय वित्तशास्त्राची पदव्युत्तर पदवी : एका विद्येच्या स्थाननिश्चितीचा इतिहास

विद्यापीठात एखाद्या विषयाची स्वतंत्र पदवी सुरू होते, तेव्हा त्या विषयाला विद्येच्या परिवारात हक्काचे घर मिळाले असे समजण्यात येते. गणित, अर्थशास्त्र, पदार्थविज्ञान इत्यादी विषयांना हे घर परंपरेनेच लाभलेले आहे. संगणकीय वित्तशास्त्राची गोष्ट निराळी आहे. शेअर, कर्जरोखे व त्यांवर आधारलेले करार यांच्या किमती आणि त्यांतील जोखीम गणिताच्या व संगणकाच्या साहाय्याने ठरविणारे हे शास्त्र जवळजवळ नव्वद वर्षे घराच्या शोधात हिंडत होते. त्यातील दोन पायाभूत प्रबंधांच्या परीक्षणाच्या वेळी एकच शंका निघाली : हा विषय या शाखेत बसतो काय? पुढे १९९० नंतर त्याला पदवी लाभली, तीही बहुधा अनेक विभागांची सामाईक पदवी म्हणून. ही हकीकत केवळ विद्यापीठीय कारभाराची आहे असे मात्र समजू नये. ज्या विद्येला एक घर नसते तिच्या चुकांचा जाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न तिच्यात पहिल्यापासून गुंतलेला आहे. आणि या पदवीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा होय.

१. सॉर्बॉनमधील प्रबंध

या इतिहासाचा प्रारंभ २९ मार्च १९०० या दिवसापासून करणे सोयीचे आहे. त्या दिवशी लुई बाशेलिए (१८७०–१९४६) यांनी पॅरिस येथील सॉर्बॉनमध्ये ‘सट्ट्याचा सिद्धांत’ या विषयावरील आपला प्रबंध परीक्षकांपुढे मांडला. पॅरिसच्या बाजारात फ्रेंच सरकारच्या कर्जरोख्यांवर मुदतीचे करार होत असत. त्यांपैकी एका प्रकारात करार घेणारा थोडी रक्कम देई, आणि ठरलेल्या मुदतीस ठरलेल्या भावाने रोखा घ्यावयाचा की सोडून द्यावयाचा, याचा हक्क आपल्याकडे ठेवी. हा व्यवहार भारतीय बाजारालाही अपरिचित नव्हता. मुंबईच्या व्यापारी भाषेत घेण्याच्या अशा हक्काला ‘तेजी’, विकण्याच्या हक्काला ‘मंदी’ आणि दोन्ही एकत्र असल्यास ‘तेजी-मंदी’ असे म्हणत. आजच्या बाजारात याच कराराला ऑप्शन हे नाव रूढ झाले आहे. या हक्काची वाजवी किंमत किती, हा बाशेलिए यांचा प्रश्न होता.

त्यांच्या उत्तराचा गाभा असा. बाजारातील भाव पुढच्या क्षणी वर जाईल की खाली येईल, हे सांगता येत नाही. तथापि तो किती दूर भरकटण्याचा संभव आहे, हे सांगता येते. हा पल्ला काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे मुदत चौपट झाली तर भरकटण्याचा पल्ला दुप्पट होतो. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या गतीचे जे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले, ते तत्त्वतः हेच होय. बाशेलिए यांनी ते पाच वर्षे अगोदर, आणि तेही बाजाराच्या निरीक्षणातून, काढले होते.

प्रबंधावरील अहवाल आंरी प्वांकारे या थोर गणितज्ञांनी लिहिला. त्यांनी प्रबंधातील कल्पकतेची वाखाणणी केली, पण उमेदवार सामान्यतः जे विषय हाताळतात त्यांपासून हा विषय काहीसा दूरचा आहे, अशी नोंदही केली. प्रबंधाला सर्वोच्च श्रेणीच्या खालची श्रेणी मिळाली. तिचा परिणाम दूरगामी झाला. १९२६ मध्ये दिजाँ येथील प्राध्यापकपद बाशेलिए यांच्या हातून निसटले. त्या वेळी पॉल लेव्ही या संभाव्यताशास्त्रज्ञांनी त्यांच्या एका लेखात चूक असल्याचे मत दिले होते. हे मत गैरसमजावर आधारलेले होते. शेवटी १९२७ मध्ये, वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, बझाँसाँ येथे त्यांना प्राध्यापकपद मिळाले. गणितज्ञांच्या दृष्टीने त्यांचा विषय बाजारू होता. बाजारातील दलालांना त्यातील गणित कळण्यासारखे नव्हते. दोन्ही दारे बंद असल्यामुळे हा प्रबंध अर्थशास्त्रज्ञांच्या नजरेस येण्यास १९५० च्या दशकाचा मध्य उजाडावा लागला. संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांच्या पत्रांमुळे पॉल सॅम्युअलसन यांचे लक्ष त्याकडे वेधले गेले, आणि तेथून त्याचे दुसरे आयुष्य सुरू झाले.

२. शिकागो आणि पिट्सबर्ग

याच सुमारास शिकागो विद्यापीठात दुसरा प्रसंग घडला. हॅरी मार्कोविट्झ यांनी मार्च १९५२ मध्ये गुंतवणुकीच्या निवडीवर एक लेख प्रसिद्ध केला होता व त्याच विषयावर त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध होता. एकाच शेअरची जोखीम मोजून भागत नाही. शेअर एकमेकांच्या सोबतीने कसे हलतात हे पाहूनच संपूर्ण संचाची जोखीम कळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन यांनी आक्षेप घेतला की, हे अर्थशास्त्र नव्हे, आणि जे अर्थशास्त्र नाही त्यावर अर्थशास्त्राची डॉक्टरेट देता येणार नाही. मार्कोविट्झ यांनी १९९० साली नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानात ही आठवण सांगितली आहे. फ्रीडमन अर्धवट थट्टेनेच बोलत असावेत, असे त्यांचे अनुमान आहे, कारण पदवी फारशी खळखळ न होता मिळाली. थट्टा असली तरी तिच्यातील शंका खरी होती. अर्ध्या शतकापूर्वी पॅरिसमध्ये गणिताच्या अंगाने जी शंका निघाली, तीच येथे अर्थशास्त्राच्या अंगाने निघाली.

मार्कोविट्झ यांच्या पद्धतीने आणखी एक निकड निर्माण केली. शंभर शेअरांचा संच घेतला तर त्यांच्या जोड्या ४,९५० होतात आणि प्रत्येक जोडीचा परस्परसंबंध काढावा लागतो. हे काम कागद-पेन्सिलीने करणे अशक्यप्राय होते. येथे वित्तशास्त्राला यंत्राची गरज पडली.

हे यंत्र आणि हा विषय जेथे एकाच छपराखाली आले, अशा स्थळांत पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रज्ञान संस्थेचे स्थान महत्त्वाचे आहे. विल्यम लॅरिमर मेलन यांच्या देणगीतून तेथे १९४९ मध्ये औद्योगिक प्रशासनाची पदव्युत्तर शाळा निघाली. हर्बर्ट सायमन तेथे अध्यापक होते. फ्रँको मोदिग्लियानी व मर्टन मिलर यांचा भांडवलरचनेवरील १९५८ चा प्रसिद्ध लेख ते दोघे तेथे शिकवीत असताना लिहिला गेला. १९५६ मध्ये याच शाळेच्या तळघरात आयबीएम ६५० हा संगणक बसविण्यात आला. व्यापारशिक्षण म्हणजे हिशेबनिसी व पत्रव्यवहार ही समजूत तेथे प्रथम ढळली. १९५९ साली फोर्ड प्रतिष्ठान व कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या साहाय्याने प्रसिद्ध झालेल्या दोन अहवालांनी अमेरिकेतील व्यापारशाळांवर उथळपणाचा ठपका ठेवला आणि गणित व समाजशास्त्रे यांचा पाया घालण्याची शिफारस केली, तेव्हा पिट्सबर्गचा हा प्रयोग अनेकांना आदर्शभूत वाटला.

३. सूत्र आणि बाजार

१९७३ हे वर्ष या इतिहासातील संधिकाल होय. त्या वर्षी २६ एप्रिल रोजी शिकागो येथे ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला आणि सोळा कंपन्यांच्या शेअरांवरील करारांची खरेदी-विक्री होऊ लागली. त्याच वर्षी फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचा ऑप्शनच्या किमतीवरील लेख, आणि रॉबर्ट मर्टन यांचा त्याच विषयावरील लेख, असे दोन लेख प्रसिद्ध झाले. ब्लॅक-शोल्स यांचा लेख प्रारंभी दोन नियतकालिकांनी परत केला होता. ब्लॅक यांची स्वतःची डॉक्टरेट उपयोजित गणितातील होती. त्यांनी अर्थशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते.

या सिद्धांताचे मर्म एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. एका शेअरचा भाव आज १०० रुपये आहे आणि उद्या तो १२० किंवा ८० होणार, तिसरी शक्यता नाही, असे समजावे. व्याजाचा विचार सोडून द्यावा. हा शेअर उद्या १०० रुपयांना घेण्याचा हक्क आज कितीला विकावा? भाव १२० झाला तर हक्काचे मूल्य २० रुपये, ८० झाला तर शून्य. आता हक्क विकणाऱ्याने घेणाऱ्याकडून १० रुपये घेतले, ४० रुपये कर्ज काढले आणि त्या ५० रुपयांत अर्धा शेअर घेतला. उद्या भाव १२० झाला तर अर्धा शेअर ६० रुपयांचा होईल. ४० कर्ज फिटून २० उरतील, आणि तेवढेच त्याला देणे आहे. भाव ८० झाला तर अर्धा शेअर ४० रुपयांचा होईल. कर्ज फिटेल आणि देणे काहीच नाही. म्हणून हक्काची किंमत १० रुपये. भाव वाढण्याचा संभव किती, हे विचारावेच लागले नाही, यात या सिद्धांताचे सारे नावीन्य आहे.

हेच उदाहरण लहानलहान कालखंडांत पुनःपुन्हा मांडून कॉक्स, रॉस व रुबिनस्टाइन यांनी १९७९ मध्ये संगणकास सहज पचेल अशी रीत दिली. त्यापूर्वी, १९७७ मध्ये, फेलिम बॉयल यांनी यादृच्छिक संख्यांच्या आधारे हजारो काल्पनिक भविष्ये रचून त्यांची सरासरी काढण्याची मॉन्टे कार्लो पद्धत ऑप्शनला लागू केली होती. हॅरिसन व क्रेप्स यांनी १९७९ मध्ये आणि हॅरिसन व प्लिस्का यांनी १९८१ मध्ये या सर्व विचाराला मार्टिंगेल-सिद्धांताचे बैठकीचे रूप दिले. जपानी गणितज्ञ कियोशी इतो यांनी १९४४ मध्ये उभारलेले यादृच्छिक कलनशास्त्र आता बँकांच्या कचेऱ्यांत वापरले जाऊ लागले. ब्लॅक स्वतः १९८४ मध्ये विद्यापीठ सोडून वॉल स्ट्रीटवरील एका बँकेत दाखल झाले. त्यांच्या मागोमाग पदार्थविज्ञानातील अनेक डॉक्टरेटधारक तेथे गेले. १९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने टेक्सासमधील महाप्रचंड कणवेगकाचा प्रकल्प रद्द केला, तेव्हा हा ओघ आणखी वाढला.

४. पदवीची स्थापना

एक विचित्र परिस्थिती आता उत्पन्न झाली होती. बाजाराला हवे असलेले ज्ञान गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र व संगणकशास्त्र या चार ठिकाणी विखुरलेले होते. पदार्थविज्ञानाचा डॉक्टर नोकरीत राहून वित्तशास्त्र शिके. व्यापारशाळेचा पदवीधर कलनशास्त्रापाशी अडखळे. डॉक्टरेटला लागणारी पाच-सहा वर्षे थांबण्यास बँका तयार नव्हत्या. व्यवसायाभिमुख पदव्युत्तर पदवी हा या अडचणीतून निघालेला मार्ग होय.

तो मार्ग प्रथम खुला करणाऱ्यांत पॅरिसचा समावेश व्हावा, हा योगायोग लक्षणीय आहे. बाशेलिए यांच्या प्रबंधानंतर नव्वद वर्षांनी, १९९० मध्ये, निकोल एल कारुई व एलिएत जमाँ यांच्या पुढाकाराने तेथील सहाव्या विद्यापीठात संभाव्यताशास्त्र व वित्त यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. एल कारुई मूळच्या शुद्ध संभाव्यताशास्त्रज्ञ. एका बँकेत काही महिने काम करीत असताना, आपण अभ्यासलेले गणित तेथे प्रत्यक्ष वापरात असल्याचे त्यांना आढळले होते.

पिट्सबर्ग येथे १९९४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाने संगणकीय वित्तशास्त्राची मास्टर पदवी सुरू केली. तिची रचना उद्बोधक आहे. व्यापारशाळा, गणितविभाग, संख्याशास्त्रविभाग आणि सार्वजनिक धोरणाची शाळा अशा चार घटकांनी ती मिळून चालविली. गणितविभागातील स्टीव्हन श्रीव्ह यांचा, कारात्झास यांच्या सहकार्याने लिहिलेला, ब्राउनीय गतीवरील प्रौढ ग्रंथ १९८८ पासून तज्ज्ञांस परिचित होता. पण नव्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तेवढी गणिती पूर्वतयारी गृहीत धरता येत नव्हती. म्हणून त्यांनी वर्गातील टिपणांवरून दोन खंडांचे पाठ्यपुस्तक रचले व ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडात वर दिलेल्या दोन-भावांच्या उदाहरणासारख्या प्रतिकृतीवरच सर्व सिद्धांत उभारला असून, अखंड काळाचे कलनशास्त्र दुसऱ्या खंडासाठी राखून ठेवले आहे. सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचा हा क्रम पुढे अनेक विद्यापीठांत रूढ झाला. शिकागो विद्यापीठाने १९९६ मध्ये अशीच पदवी सुरू केली. कोलंबिया, न्यूयॉर्क, बर्कली आदी विद्यापीठांनी पुढील काही वर्षांत तोच मार्ग धरला.

५. मुंबईचा संदर्भ

भारतात या विद्येची वाट कायद्याने अडविलेली होती. कापसातील तेजी-मंदीच्या व्यवहारांवर मुंबई प्रांतात १९३९ च्या कायद्याने बंदी आली. १९५६ च्या रोखे करार कायद्याने शेअरांवरील ऑप्शन निषिद्ध ठरविले. या हक्काला स्वतःचे शब्द देणाऱ्या शहरात त्याचे गणित शिकण्याचे प्रयोजनच चार दशके उरले नाही. ही बंदी १९९५ मध्ये उठली. तत्पूर्वी १९९४ मध्ये, म्हणजे पिट्सबर्गची पदवी निघाली त्याच वर्षी, मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावरील व्यवहार सुरू झाले होते. एल. सी. गुप्ता समितीच्या १९९८ मधील अहवालानंतर जून २००० मध्ये निर्देशांकावरील वायदे आणि जून २००१ मध्ये निर्देशांकावरील ऑप्शन मुंबईत उपलब्ध झाले. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या पदवीधराला परदेशातील या पदवीचे आकर्षण वाटू लागण्यामागे या घटनांची पार्श्वभूमी आहे. त्याच्या विद्येला आता मायदेशीही बाजारपेठ होती.

६. चुकांचा हिशेब

आता वरील उदाहरणाकडे पुन्हा वळावे. शेअरचा भाव १२० किंवा ८० होईल, तिसरी शक्यता नाही, असे तेथे गृहीत धरले होते. समजा, तो ६० झाला. अर्धा शेअर ३० रुपयांचा होईल आणि कर्ज ४० रुपयांचे राहील. घेणाऱ्याला काहीच देणे नसतानाही हक्क विकणाऱ्याला १० रुपयांची तूट येईल. गणितात कोठेही चूक नाही. चूक ६० हा आकडा न मांडण्यात आहे. या विद्येच्या साऱ्या दुर्घटना याच जातीच्या आहेत.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. भाव पडू लागताच शेअर विकून नुकसान मर्यादित ठेवण्याची, याच सिद्धांतातून निघालेली युक्ती अनेक मोठ्या संस्था एकाच वेळी वापरीत होत्या. एकाने विकले तर बाजार ते पचवितो. सर्वांनी विकले तर घेणारा उरत नाही, हे सूत्रात लिहिलेले नव्हते. १९९८ मध्ये लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा निधी बुडण्याच्या बेतास आला आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या मध्यस्थीने चौदा संस्थांनी सुमारे ३६० कोटी डॉलर ओतून तो सावरला. शोल्स व मर्टन हे या निधीचे भागीदार होते आणि त्यांना नोबेल पारितोषिक मिळून जेमतेम एक वर्ष झाले होते. २००० साली डेव्हिड ली यांनी अनेक कर्जे एकाच वेळी बुडण्याचा संभव मोजण्याची सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. घरकर्जांवर रचलेल्या रोख्यांना ती सर्रास लावण्यात आली. पण घरांच्या किमती देशभर एकदम उतरतील, ही शक्यता त्या गणनांत पुरेशी धरलेली नव्हती. २००८ मध्ये ती प्रत्यक्षात उतरली.

या प्रसंगांनंतर जबाबदारीचा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही. जानेवारी २००९ मध्ये इमॅन्युएल डर्मन व पॉल विल्मॉट या दोन अभ्यासकांनी एक जाहीरनामा काढून, वैद्यांच्या शपथेच्या धर्तीवर, वित्तीय प्रतिकृती रचणाऱ्यांसाठी एक शपथ सुचविली. डर्मन हे पदार्थविज्ञान सोडून या क्षेत्रात आलेले व कोलंबिया विद्यापीठात ही विद्या शिकविणारे. त्यामुळे त्यांच्या शब्दाला घरच्या माणसाचे वजन होते. २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने बँकांना सूचना दिल्या की, प्रतिकृती रचणाऱ्याखेरीज अन्य जाणकाराने तिची स्वतंत्र तपासणी केली पाहिजे. परिणामी प्रतिकृती-तपासनीस हा या पदवीधरांसाठी एक मोठा व्यवसायच निर्माण झाला.

भारतात हा प्रश्न अधिक उघड्या रूपात उभा आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक भरला. शेवटच्या वर्षात परदेशी गुंतवणूकदार आणि स्वतःच्या भांडवलाने व्यवहार करणाऱ्या संस्था यांना जो नफा झाला, त्यातील बहुतांश संगणकाने आपोआप चालविलेल्या व्यवहारांतून आला होता. कराराच्या एका टोकाला संगणकीय वित्तशास्त्राचा पदवीधर आणि दुसऱ्या टोकाला भ्रमणध्वनीवरून व्यवहार करणारा एखादा तरुण, असे हे चित्र आहे. दोघांनी घेतलेला करार एकच. त्याचे गणित मात्र एकालाच ठाऊक.

७. उपसंहार

प्वांकारे आणि फ्रीडमन यांना पडलेली शंका विद्यापीठांनी शेवटी एका तडजोडीने मिटविली. विषय कोणत्या एका शाखेचा हे न ठरविता, चार शाखांनी त्याचा भार वाटून घेतला. ही तडजोड अध्यापनाच्या दृष्टीने फलदायी ठरली यात संशय नाही. तथापि तिच्यात एक उणीव राहून गेली. गणिताचा अध्यापक सूत्राची शुद्धता पाहतो, संख्याशास्त्रज्ञ आकड्यांची, संगणकशास्त्रज्ञ गणनेच्या वेगाची आणि व्यापारशाळा नोकरीची. गृहीत धरलेल्या गोष्टी या जगात खऱ्या आहेत काय, आणि त्या खोट्या ठरल्यास तोटा कोणाच्या पदरात पडेल, हे पाहणे चौघांचेही काम असल्यामुळे ते कोणा एकाचे राहत नाही.

बाशेलिए यांच्या प्रबंधात भाव शून्याच्याही खाली जाऊ शकतो, हा दोष होता व तो पुढील पिढ्यांनी दूर केला. दोष सापडणे व तो दुरुस्त होणे हीच कोणत्याही शास्त्राची रीत आहे. परंतु ग्रंथातील दोषाची किंमत ग्रंथकारास भोगावी लागते, आणि बाजारात उतरलेल्या सूत्राच्या दोषाची किंमत बहुधा तिसऱ्याच माणसाला. म्हणून या पदवीसाठी नाव नोंदविणाऱ्या विद्यार्थ्याने यादृच्छिक कलनशास्त्राइतकेच कसून शिकावयाचे ते हेच, की १२० आणि ८० यांच्या जोडीला ६० चा आकडाही मांडून पाहावा. ज्या अभ्यासक्रमात ही सवय लागेल, त्याने या विद्येला केवळ पदवी दिली नाही, घरही दिले, असे म्हणता येईल.